दयानंद कुंभाराचा कान

बेंगळूरच्या जे. पी. नगरात नागराजचं सायकलींचं दुकान आहे. पुढे काचेआड नव्या सायकली नटूनथटून उभ्या असतात. मागे, पडद्याच्या पलीकडे, पडलेल्या आणि आपटलेल्या येतात. हा मागचा भाग दयानंद कुंभाराचा. दुकानात त्याला सगळे दयानंदण्णा म्हणतात, आणि साठीला टेकलेला हा माणूस तिथे एका स्टुलावर बसून दिवसभर कार्बनच्या फ्रेमवरचे ओरखडे घालवत असतो.

कार्बनची फ्रेम म्हणजे काय असं त्याला विचारलं तर तो म्हणतो, कापड. काळ्या धाग्याचं कापड, थरावर थर, मध्ये चिकट राळ आणि वर रंग. लोखंडाची सायकल आपटली की पोचा पडतो आणि तो आंधळ्यालाही हाताला लागतो. ही बया मात्र मनातलं बाहेर दिसू देत नाही. वर नखाएवढा टवका आणि आत थर सुटलेले, असं होतं. वर हातभर ओरखडा आणि आत सगळं धडधाकट, असंही होतं. म्हणून रंगाला हात लावण्याआधी फ्रेम वाजवून बघायची. दयानंद खिशातला जुना जाड रुपया काढायचा आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत टकटक करत जायचा. थर एकमेकांना धरून असले तर आवाज खणखणीत, सुटले असले तर तेवढ्या जागी बद्द. खणखणीत असेल तर मान हलवून म्हणायचा, "वरवरचं आहे." बद्द आला तर फ्रेम नागराजकडे परत, कारण आतली मोडतोड दुरुस्त करायचं काम वेगळ्या कारखान्याचं.

"वरवरचं आहे" हे त्याचे दोन शब्द ऐकायला लोक पार महादेवपुऱ्याहून यायचे. एरवी कशावरही विश्वास न ठेवणारी, प्रत्येक गोष्ट फोनवर शोधून बघणारी माणसं त्या दोन शब्दांवर सायकलला टांग मारून निघून जायची. दयानंदला याचा अभिमान होता. तो बोलून दाखवत नसे, पण रुपया खिशात परत ठेवताना त्याची मान जरा ताठ व्हायची.

हा कान त्याला मिळाला तो खानापुरात. घर कुंभाराचं. वडील लवकर गेले आणि चाक, आवा, बाजार असं सगळं आईनं, ठकुबाईनं, ओढलं. आवा उघडला की राखेतून निघालेली मडकी एकेक करून वाजवायची, चिरलेली बाजूला काढायची. हे काम ठकुबाईनं दयानंद अगदी लहान असल्यापासून त्याच्यावर सोपवलं होतं. बोटाच्या पेरानं टिचकी मारायची, कान लावायचा, आणि चांगलं की वाईट ते सांगायचं. तो सांगेल ते ठकुबाई मुकाट्यानं मानायची. थोरल्या भावाला हेवा वाटायचा, कारण त्याच्या वाट्याला माती तुडवणं आलं होतं. आईनं आपल्याला लाडानं हे मानाचं काम दिलंय, अशी दयानंदची समजूत होती, आणि ती त्यानं आयुष्यभर जपली.

पुढे पुढे ठकुबाईनं आणखी एक रीत धरली, ती बाजारातली. तिच्या मालाची ग्वाही ती स्वतः द्यायची नाही. गिऱ्हाईक बाईच्या डाव्या तळव्यावर मडकं ठेवायची आणि म्हणायची, "तू वाजव. तुझं तू ऐक." बाई वाजवायची, आणि ठकुबाई मडक्याकडे न बघता त्या बाईच्या तोंडाकडे बघत राहायची. बाईच्या कपाळाला जराशी आठी पडली की ती काही बोलायच्या आत ठकुबाई ते मडकं काढून घ्यायची आणि दुसरं द्यायची. खानापूरच्या बाजारात यामुळे तिचं नाव झालं होतं. खरी बाई, म्हणायचे लोक. तशी ती फटकळही होती आणि शिष्टही. मागून हाका मारल्या तर ढिम्म वळायची नाही, आणि बोलायची ती चार घरांना ऐकू जाईल अशी.

जवान झाल्यावर दयानंद बेंगळूरला आला, तो गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजात. पत्र्यावर हातोडे, ग्राइंडरची किंचाळी, कंप्रेसरची धडधड, यातच त्याची उमेदीची वर्षं गेली. कानात कापूस घालायची तिथे कुणाला सवय नव्हती, आणि घातला असता तर बाकीच्यांनी टिंगल केली असती. रंगात मात्र त्याचा हात कुणी धरत नसे. पुढे नागराजनं त्याला एका सायकलचा रंग जुळवायला बोलावलं. दयानंदनं ती फ्रेम हातात घेतली आणि सवयीनं, मडक्याला मारावी तशी टिचकी मारली. मग परत मारली. "हिच्या पोटात चीर आहे," तो म्हणाला. नागराजनं फ्रेम कापून बघितली तेव्हा आतले थर सुटलेले निघाले. त्या दिवसापासून पडद्यामागची जागा त्याची झाली. कापलेल्या फ्रेमचा तो तुकडा नागराजनं जपून ठेवला. एक बाजू चांगली, एक बाजू सुटलेली. नव्या गिऱ्हाइकाला फरक कळावा म्हणून दयानंद तो वाजवून दाखवायचा.

आता मधली काही वर्षं घरात जे चाललं होतं ते सांगायला हवं. शिवलीला, त्याची बायको, हल्ली तोंडातल्या तोंडात बोलते अशी दयानंदची तक्रार होती. कुकरच्या शिट्ट्या बसक्या झाल्यात, नवा रबर आण, असंही त्यानं तिला सांगितलं होतं. खिडकीबाहेरच्या झाडावर पूर्वी सकाळी पाखरं असायची ती गेली, बेंगळूरची हवाच बिघडली, असं त्याचं मत झालं होतं. बाकी माणसांचं बोलणं त्याला ऐकू यायचं. समोरासमोर असेल तर सगळंच. शिवलीला यावर वाद घालत नसे. तिला काही सांगायचं असलं की ती हातातलं काम ठेवून यायची, त्याच्या पाठीवर हात ठेवायची, तो वळला की समोर उभी राहून बोलायची. वय झालं तशी बायको मायाळू झाली, असं वाटून दयानंद खूश होता.

एका बुधवारी सुखदा आली. मूळची पुण्याची, सर्जापूर रोडला राहणारी, महादेवपुऱ्यात कसल्याशा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. तिची पांढरी-निळी सायकल बेसमेंटच्या पार्किंगमध्ये स्टँडवरून कलंडून सिमेंटच्या कठड्यावर आपटली होती. खालच्या जाड दांडीवर एक टवका उडाला होता आणि भोवती रंगाला कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा होत्या.

"काका, हे जस्ट पेंट गेलंय ना? की आत पण काही डॅमेज आहे? संडेला आमचा ग्रुप नंदी हिल्सला चाललाय. डाउनहिल आहे, म्हणून जरा टेन्शन आलंय."

मराठी ऐकून दयानंदची कळी खुलली. "बसा की ताई. बघतो."

त्यानं दांडी स्पिरिटनं पुसली, बॅटरीचा उजेड तिरका टाकून बघितली, अंगठ्यानं दाबून बघितली. मग रुपया काढला. टक, टक, टक. टवक्याच्या वर, टवक्यावर, टवक्याच्या खाली. सगळीकडे सारखाच आवाज. त्यानं मान हलवली.

"काही न्हाई ताई, वरवरचं आहे. स्वल्प वेळ द्या, शुक्रवारी घेऊन जावा."

सुखदानं मोठा श्वास सोडला. "थँक्स काका. तुम्ही म्हणालात ना, बास."

काम त्यानं जीव ओतून केलं. टवक्याभोवती टेप लावली. ओला वॉटर पेपर हळूहळू फिरवला, आणि निघणारं पाणी बोटावर घेऊन घेऊन बघितलं. पाणी दुधी आहे तोवर वरचं लॅकर, म्हणजे चकाकीचा थर, झिजतंय. काळपट झालं की आपण धाग्याला लागलो आणि तिथेच थांबायचं. त्यानं काळपट होऊ दिलं नाही. खळग्यात दातकोरणीच्या टोकानं इपॉक्सी गोंदाचा थेंब सोडला, वाळू दिला, परत सोडला. निळा रंग जुळवायला एक अख्खी सकाळ घालवली. शेवटी लॅकर देऊन रबिंगनं घासलं तेव्हा टवका नेमका कुठे होता ते त्याचं त्यालाच शोधावं लागलं. शुक्रवारी सुखदा सायकल घेऊन गेली, आणि जाताना त्या दांडीचा फोटो काढून गेली.

शनिवारी दुपारी श्रीरंग नावाचं एक नवं गिऱ्हाईक आलं. शंकेखोर माणूस. नुसतं वाजवून काय कळणार, असं त्याचं म्हणणं. दयानंद हसला. फळीवरून तो कापलेला तुकडा काढला आणि शेकडो वेळा केलं होतं तसं केलं. चांगली बाजू वाजवली. "हे बघा, खणखणीत." सुटलेली बाजू वाजवली. "आणि हे बद्द. ऐकला फरक?"

"हो, क्लिअर आहे," श्रीरंग म्हणाला. "अगदीच वेगळा आवाज आहे."

दयानंदचा हात तसाच राहिला. कारण त्याला स्वतःला फरक ऐकू आला नव्हता.

श्रीरंग गेल्यावर त्यानं पडदा ओढून घेतला आणि तुकडा कानाशी धरून वाजवला. उजव्या कानाशी, मग डाव्या. टक आणि टक. जिवाचे कान करून ऐकलं, डोळे मिटून ऐकलं. दोन्ही बाजू सारख्याच. तुकडा ओळखीचा, कुठली बाजू कसली ते पाठ झालेलं, म्हणून इतके दिवस खणखणीत म्हणायच्या ठिकाणी तो खणखणीत म्हणत आला होता, आणि आवाज त्याच्या आठवणीतून येत होता. किती दिवस, किती फ्रेम, हा हिशेब त्याच्या मनात आला आणि त्यानं तो तिथेच थांबवला. आधी एकच फ्रेम महत्त्वाची होती. ती उद्या पहाटे नंदीच्या उतारावर जाणार होती.

सुखदाला फोन लावला, तिनं उचलला नाही. परत लावला. मग तो पुढे येऊन नागराजला म्हणाला, "त्या पुण्याच्या अक्कांची फ्रेम मी चुकीची सांगितली असेल. मला जायला पाहिजे."

नागराज नव्या सायकलची चेन चढवत होता. "तुम्ही आणि चूक? उगाच डोक्यात घेऊ नका. फोन करून सांगा, नीट बघून चालवा म्हणावं."

"मला ऐकू येत न्हाई, नागराज," दयानंद म्हणाला.

हे वाक्य त्यानं जन्मात पहिल्यांदा उच्चारलं. नागराजनं चेन खाली ठेवली, त्याच्याकडे बघितलं, बिलबुकातून तिचा पत्ता काढून दिला, आणि रस्त्यावर जाऊन रिक्षा थांबवली.

शनिवारची गर्दी, सगळे सिग्नल तुंबलेले. रिक्षात बसून दयानंद खिशातला रुपया चाचपत होता. परत वाजवून बघायचं, बद्द निघाली तर पाया पडून फ्रेम मागून घ्यायची, असं त्यानं ठरवलं होतं. सर्जापूर रोडला वळल्यावर त्याच्या लक्षात आलं की परत वाजवून तरी तो काय ऐकणार होता. त्याला रडू आलं. गॅरेजात बोटावर हातोडा बसला तेव्हाही हा माणूस रडला नव्हता. रिक्षावाल्यानं आरशातून पाहिलं आणि रेडिओ बंद केला.

सोसायटीच्या गेटवर वॉचमननं त्याला नाव, गाव, कोणाकडे, कशाला, असं सगळं विचारून घेतलं. मंत्र्याच्या बंगल्यावरही एवढी चौकशी होत नसेल. अखेर सुखदाच्या घराचं दार उघडलं तेव्हा ती उद्याची तयारी करत होती. सायकल हॉलमध्येच भिंतीला टेकून होती.

"काका? तुम्ही इथे? सॉरी, फोन सायलेंटवर होता."

दयानंद उंबऱ्याच्या आत आला नाही. "ताई, बुधवारी मी तुम्हाला वरवरचं आहे म्हणून सांगितलं. ते खरं न्हाई. म्हणजे खरं आहे का खोटं, मला ठाऊक न्हाई. मला तो आवाज आता ऐकू येत न्हाई. मला आज कळलं."

 सुखदाचा चेहरा तापला. "म्हणजे तुम्हाला कळत नसताना तुम्ही मला चालव म्हणून सांगितलंत? काका, मी उद्या त्या उतारावरनं फुल स्पीडनं येणार होते. तुम्ही म्हणालात म्हणून मी दुसऱ्या कुणाला दाखवलं पण नाही."

"होय," दयानंद म्हणाला.  रागावण्याचा तिला पूर्ण हक्क होता. मग तिनंच विचारलं, "मग आता?"

त्यानं खिशातून रुपया काढला आणि तिच्या तळव्यावर ठेवला. "तुम्ही वाजवा. तुमचं तुम्ही ऐका."

शब्द तोंडातून गेले आणि दयानंदला वाटलं, हे आपण कुणाचं बोलतोय.

सुखदा गुडघ्यांवर बसली. त्यानं सांगितलं तशी ती वरच्या टोकापासून वाजवत खाली आली. दयानंदला टक, टक, टक असं सारखंच ऐकू येत होतं, म्हणून तो दांडीकडे बघत नव्हता. तो तिच्या तोंडाकडे बघत होता. टवका बुजवलेली जागा आली. ती पुढे सरकली. आणि त्याच्या वीतभर खाली, जिथे रंगावर साधा ओरखडाही नव्हता, तिच्या कपाळाला जराशी आठी पडली.

"थांबा," दयानंद म्हणाला. तिनं अजून तोंड उघडलं नव्हतं.

"इथे काहीतरी वेगळं..." तिनं परत वाजवलं. "काका, इथे ठप्प येतंय."

"बद्द," तो म्हणाला. "बद्द म्हणतात त्याला."

 खानापूरचा बाजार, उन्हात मांडलेली मडकी, आणि प्रत्येक बाईच्या तोंडाकडे एकटक बघणारी आई त्याच्यासमोर उभी राहिली. तिला सगळे खरी बाई म्हणायचे. हाका मारल्या तरी वळत नाही म्हणून शिष्टही म्हणायचे. एकदा दिवाळीला घरी गेला असताना, चार वेळा बोलावूनही ती वळली नाही म्हणून तो स्वतः तिच्यावर ओरडला होता, आणि ती नुसती हसली होती.

सुखदानं ग्रुपला न येण्याचं कळवलं. फ्रेम दुरुस्तीच्या कारखान्यात न्यायची असं ठरलं. तो निघाला तेव्हा ती दारापर्यंत आली. राग पुरता गेलेला नव्हता. "तुम्ही आलात ते बरं केलंत," एवढं ती म्हणाली, आणि लिफ्ट येईपर्यंत दार उघडं ठेवून उभी राहिली.

घरी आल्यावर दयानंद चपला न काढता स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिला. शिवलीला भाकरी थापत होती.

"आईला ऐकू येत न्हवतं," तो म्हणाला.

तिचा हात थांबला. तिनं तवा खाली उतरवला, पीठ लागलेले हात पुसले, त्याच्या समोर येऊन उभी राहिली आणि सावकाश बोलली. "मला ठाऊक आहे. शेवटच्या आजारात त्यांनी मला सांगितलं. तुमच्या लहानपणीच त्यांचे कान गेले होते. म्हणून मडकी वाजवायला तुम्हाला बसवायच्या."

"आणि बाजारात ते बायकांच्या हातात द्यायची?"

"ते नंतर. तुम्ही बेंगळूरला आलात, मग घरात वाजवायला कोण उरलं? भावजींना त्यातलं काही कळत न्हवतं. मग त्यांनी ही रीत काढली."

दयानंदला आठवलं, बेंगळूरला जातो म्हणून त्यानं सांगितलं तेव्हा आई चाकावर बसली होती. तिनं त्याच्या ओठांकडे बघितलं होतं, समजून घेतलं होतं, आणि चाक थांबवून म्हणाली होती, जा.

"मला का सांगितलं न्हाई तिनं?"

"तेच विचारलं मी त्यांना. म्हणाल्या, सांगितलं असतं तर तो परत आला असता."

तो तिथेच जमिनीवर बसला. शिवलीलाही बसली. मग त्यानं तिला विचारलं, "आणि माझं? तुला कधी कळलं?"  तिनं फक्त त्याच्या पाठीवर हात ठेवला, रोज ठेवायची तसा, आणि इतकी वर्षं ती असं का करत होती ते दयानंदला कळलं.

सोमवारपासून नागराज जुन्या गिऱ्हाइकांना फोन करू लागला. फ्रेम घेऊन या, परत बघायच्या आहेत. काहीजण चिडले, काही आलेच नाहीत. दयानंदण्णाचं नाव पूर्वीसारखं राहिलं नाही, आणि ते राहावं असं त्यालाही वाटत नव्हतं. पडद्यामागे आता दोन स्टुलं आहेत. जेवणाचा डबा घेऊन शिवलीला सकाळीच येते. नवी फ्रेम आली की दयानंद गिऱ्हाइकाला आधी सांगतो, "मला ऐकू येत न्हाई. रंग मी करतो, कान हिचा." मग तो रुपया काढून एका टोकापासून वाजवत जातो. शिवलीला डोळे मिटून त्याच्या मागे बसलेली असते, आणि जिथे आवाज बद्द येतो तिथे त्याच्या पाठीवर हात ठेवते.